छाटणीच्या चेन सॉला जोड म्हणून मोठी चेन सॉ निवडताना

आमच्या दापोली तालुक्यातल्या उतारावरच्या बागेत गेली अनेक वर्षे एक लहान पेट्रोलची चेन सॉ कामाला आहे. तिचे इंजिन ३२ सीसीच्या आतले, बार (म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी) १४ इंची, आणि वजन बार व चेन सोडून चार किलोंच्या आसपास. हापूसच्या कलमांची छाटणी, गडग्यावर (दगडी कुंपणावर) झुकलेल्या फांद्या, गिरिपुष्पाचे माजलेले कुंपण, चुलीपुरते जळण ही सगळी कामे ती बिनतक्रार करते, आणि तिला काढून तिच्या जागी मोठी घ्यावी असे मला कधीही वाटले नाही. तिला जोड म्हणून दुसरी घ्यायची तर ती किती मोठी असावी, तिचा बार किती लांब असावा आणि मुळात ती घ्यावी की नाही, याचा विचार मात्र मी पुष्कळ दिवस केला. ओळखीच्या बागायतदारांकडून हाच प्रश्न वारंवार येत असल्यामुळे माझे म्हणणे इथे सविस्तर मांडत आहे.

पहिली चेन सॉ जिथे थांबते तिथून पुढे आपल्या बागेत किती आणि कसले काम आहे, यावरूनच दुसरीचे माप ठरवावे, असे माझे ठाम मत आहे. त्यामुळे आधी पहिलीविषयी लिहितो. जुन्या, उंच गेलेल्या आणि कमी फळे देणाऱ्या कलमांची जोरकस छाटणी करून त्यांचे पुनरुज्जीवन करण्याची पद्धत दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने बागायतदारांपर्यंत पोहोचवली. त्या कामात झाडाच्या मुख्य फांद्या वरून कापून आणायच्या असतात आणि प्रत्येक कापाच्या तोंडावर लगोलग बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावायची असते. हे काम शिडीवर किंवा परांचीवर उभे राहून करायचे असते, फांदी आठ-दहा इंच जाडीची असते, आणि काप गुळगुळीत व उताराचा यावा लागतो, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही. इथे हलकी मशीनच हवी. दुसरी कितीही मोठी घेतली तरी जमिनीवरून वर जाणारी चेन सॉ लहानच राहणार, आणि वर्षभराच्या एकूण कामातला बराच मोठा वाटा तिचाच राहणार. हे एकदा मान्य केले की मोठीकडून कोणती अपेक्षा ठेवायची ते स्पष्ट होते. ती जमिनीवर पडलेल्या किंवा जमिनीलगत कापायच्या जाड लाकडासाठी आहे, आणि तिला झाडावर कधीही न्यायचे नाही.

जाड लाकडाचा प्रश्न आमच्या भागात वादळांनी आणला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. माड आणि पोफळी मोडल्या त्या वेगळ्याच, पण रायवळ आंबे, फणस, ऐन, किंजळ अशी जुनी झाडे मुळासकट उलथून वाटांवर, कौलांवर आणि विजेच्या तारांवर पडली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकत गेले आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बागांना त्याचा तडाखा बसला. अशा वेळी गावात एखादा कटरवाला असला तरी त्याला एकाच दिवशी साऱ्या पंचक्रोशीतून बोलावणे येते. घरोघरी असलेल्या लहान मशिनी मग बाहेर निघतात आणि अडीच-तीन फूट जाडीच्या बुंध्यांपुढे हतबल होतात.

त्या हतबल का होतात, हे समजून घेतले तर निवड सोपी होते. बार १४ इंची असला तरी दोन्ही बाजूंनी कापत गेल्यास दोन फूट जाडीचा ओंडका मोजमापाच्या हिशेबाने पार होतो. पण बार पूर्णपणे लाकडात रुतलेला असतो तेव्हा एकाच वेळी कितीतरी दात लाकूड उचलत असतात आणि त्या सगळ्यांना ओढण्याएवढी ताकद इंजिनात नसते. इंजिनाचे फेरे कमी होतात, चेन मंदावते, क्लच घसरून तापतो, भुसा बाहेर न फेकला जाता कापातच दाटतो आणि चेनला मिळणारे तेल अपुरे पडते. १२ इंच व्यासाच्या ओंडक्याचा छेद सुमारे ११३ चौरस इंच भरतो, तर २४ इंच व्यासाच्या ओंडक्याचा ४५२ चौरस इंच, म्हणजे व्यास दुप्पट झाला की कापायचे लाकूड चौपट होते. लहान इंजिनाला हे चौपट काम त्याच्या सर्वांत कमी सोयीच्या अवस्थेत करावे लागते.

म्हणून खरेदीला निघण्यापूर्वी हातात मोजपट्टी घेऊन बागेत एक फेरी मारावी, असे मी प्रत्येकाला सांगतो. आपल्याकडे झाडाचा घेर फुटांत सांगण्याची रीत आहे आणि ती इथे फार उपयोगी पडते. छातीएवढ्या उंचीवर घेर मोजायचा आणि त्याला ३.१४ ने भागायचे. चार फुटी घेराचे झाड साधारण १५ इंच जाडीचे निघते, सहा फुटी घेराचे २३ इंच, आणि नऊ फुटी घेराचा रायवळ आंबा ३४ इंचांच्या पुढे जातो. घराच्या, गोठ्याच्या, वाटेच्या आणि तारांच्या आवाक्यात असलेली झाडे वेगळी लिहून ठेवावीत, कारण ती पडली तर त्याच दिवशी हलवावी लागतात. रानाच्या टोकाला पडलेला ऐन दोन महिने तसाच राहिला तरी बिघडत नाही. आमच्या बागेत ही यादी केली तेव्हा घाईने हलवाव्या लागतील अशा झाडांपैकी बहुतेक २० ते ३० इंच जाडीची निघाली. माझी सगळी निवड या मापावर बेतलेली आहे. ज्यांच्याकडे सगळी कलमेच आहेत आणि जुने मोठे झाड नाही, त्यांनी दुसऱ्या चेन सॉच्या फंदात पडू नये.

आता इंजिनाकडे येतो. बाजारातल्या नामांकित मशिनींची एक उतरंड लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्टिलची एमएस १८० ही ३१.८ सीसीची आणि सुमारे दीड किलोवॅटची. त्यावरची एमएस २५० ही ४५.४ सीसी आणि २.३ किलोवॅट, वजन ४.६ किलो. एमएस ३६२ ही ५९ सीसी आणि ३.५ किलोवॅट. एमएस ३८२ ही ७२.२ सीसी आणि ३.९ किलोवॅट, वजन ६.२ किलो. हस्कवर्नाची ३७२ एक्सपी ७०.७ सीसीची असून तिची ताकदही चार किलोवॅटच्या आसपास आहे. त्याच्याही वर ९० आणि १२० सीसीच्या मशिनी मिळतात, पण त्या मोठ्या जंगलतोडीसाठी किंवा ओंडक्याच्या फळ्या पाडण्यासाठी आहेत, आणि बागायतदाराने त्यांच्याकडे वळण्याचे कारण मला दिसत नाही.

पहिली ३०-३५ सीसीची असणारे बहुतेक जण साहजिकच पुढच्या पायरीवर, म्हणजे ४५-५० सीसीवर जातात. किंमत आवाक्यात असते, वजन फार वाढत नाही आणि दुकानदारही तीच पुढे करतो. मला ही निवड चुकीची वाटते. एकच चेन सॉ घ्यायची असती तर ४५-५० सीसी हे फार चांगले माप ठरले असते, कारण ती छाटणीलाही चालवता येते आणि दीड फुटी ओंडक्यालाही. पण लहान मशीन घरात आधीच असताना ती घेतली तर दोघींची कामे एकमेकींवर चढतात. दहा-पंधरा इंचांचे लाकूड दोघीही कापू शकतात आणि अडीच फुटांचे दोघींनाही जड जाते. दीड किलोवॅटवरून २.३ वर गेल्याने ज्या झाडांसाठी आपण पैसे मोजत आहोत ती झाडे आवाक्यात येत नाहीत. मधली पायरी सोडून ६० ते ७२ सीसीच्या गटात गेले तर ताकद अडीच पटींच्या घरात वाढते आणि वजन मात्र दीडपटच वाढते. किलोमागे मिळणारी ताकद मोठ्या मशीनमध्ये जास्त असते, त्यामुळे जाड लाकडावर ती वजनदार असूनही कमी दमवते. काप लवकर पुरा होतो आणि मशीन स्वतःच्या वजनाने खाली उतरत जाते. तिला दाबावे लागत नाही.

ज्यांची पहिलीच चेन सॉ ५० सीसीची आहे त्यांचा हिशेब वेगळा आहे. त्यांना बहुधा मोठीची गरजच नसते आणि छाटणीसाठी एखादी लहान घेतली तर त्यांचा जास्त फायदा होतो. मोठीच हवी असेल तर त्यांनी ७० सीसीच्या खाली थांबू नये.

बारच्या लांबीबाबत मात्र हात आखडता घ्यावा. ७० सीसीच्या मशीनला २४ किंवा २८ इंची बारही बसतो, आणि दुकानात तो भारदस्त दिसतो. पण लांब बार म्हणजे जादा दात, जादा घर्षण, पुढे झुकणारे वजन, धार लावायला जादा वेळ आणि उतारावर उभे राहून कापताना टोक जमिनीत घुसण्याची जादा शक्यता. आमच्याकडे जमिनीत टोक घुसले म्हणजे ते जांभ्यावर घासले, आणि जांभ्याला एकदा स्पर्श झाला की सगळी चेन बोथट होते. २० इंची बारने दोन्ही बाजूंनी कापल्यास ३४-३५ इंचांचा बुंधाही पार होतो, आणि २० इंचांच्या आतला ओंडका एका दमात जातो. ६० सीसीच्या मशीनला १८ इंची आणि ७० सीसीच्या मशीनला २० इंची बार हे प्रमाण आपल्याकडच्या कठीण लाकडाला योग्य आहे. थंड प्रदेशातल्या मऊ सूचिपर्णी लाकडावर तेच इंजिन याहून लांब बार सहज ओढते, म्हणून परदेशी जाहिरातींतल्या लांबीवर जाऊ नये.

चेनविषयी थोडे सावकाश लिहितो, कारण दोन चेन सॉ घरात आल्या की खरा घोटाळा इथेच होतो. लहान मशीनवर बहुधा तीन-अष्टमांश इंच पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचे माप), पण ठेंगण्या दातांची चेन असते. मोठ्या मशीनवरही तीन-अष्टमांश इंच पिचचीच चेन असते. सुतारांच्या हिशेबाने दोन्ही तीन सुतांच्या. तरीही त्या एकमेकींना चालत नाहीत. लहानीच्या चेनचे दात बुटके असतात आणि बारच्या खाचेत बसणारा पत्रा १.१ किंवा १.३ मिलिमीटर जाडीचा असतो, तर मोठीचा १.५ किंवा १.६ मिलिमीटर असतो. १.६ चा पत्रा १.५ च्या खाचेत बसत नाही, आणि १.५ चा पत्रा १.६ च्या खाचेत डगमगून बार खराब करतो. बारच्या मागच्या टोकाजवळ, इंजिनात जाणाऱ्या भागावर, पिच, पत्र्याची जाडी आणि खालच्या कड्यांची, म्हणजे खाचेत बसणाऱ्या पत्र्यांची, संख्या कोरलेली असते. दुकानात झाकण काढून ते तीन आकडे स्वतः वाचावेत आणि खिशातल्या वहीत लिहून घ्यावेत. २० इंची बारला सहसा ७२ कडी लागतात, पण निरनिराळ्या कंपन्यांच्या बारमध्ये फरक पडतो, म्हणून ‘२० इंची चेन द्या’ एवढे सांगून आणलेली चेन पुष्कळदा परत करावी लागते.

कानसही वेगळी लागते. ठेंगण्या दातांना ४ मिलिमीटरची गोल कानस चालते, मोठ्यांना ५.२ किंवा ५.५ मिलिमीटरची. लहान कानस मोठ्या दातात फिरवली तर दाताच्या पोटात खोल खाच पडते आणि धार आकड्यासारखी वळते. अशी चेन पहिल्या दोन कापांना अघोरी चालते आणि लगेच बोथट होते. धार लावताना दाताच्या वरच्या पृष्ठावर कोरलेली तिरकी रेघ बघावी, तिच्याशी कानस समांतर ठेवावी आणि आतून बाहेर, एकाच दिशेने, सारख्या दाबाने प्रत्येक दाताला तेवढेच घाव द्यावेत. दातापुढचा जो बुटका खुंट असतो तो दात किती खोल जाईल हे ठरवतो. दातापेक्षा तो साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा लागतो. दात झिजत जातात तसा तो चपट्या कानशीने उतरवायचा असतो, आणि तो तसा उतरवला नाही तर चेनला कितीही धार असली तरी भुसा पिठासारखा बारीक पडतो. निरोगी चेनमधून जाड, चौकोनी किसासारखे तुकडे पडतात. मी इंजिनाच्या आवाजापेक्षा बुटांवर पडणाऱ्या भुशाकडे जास्त लक्ष ठेवतो.

दातांच्या कोपऱ्याचे दोन प्रकार मिळतात. अगदी चौकोनी कोपऱ्याचा दात स्वच्छ, ओल्या लाकडात सर्वांत वेगाने कापतो, पण साल मातीने माखलेली असेल तर तो कोपरा लगेच उडतो. किंचित गोलाई असलेला कोपरा थोडा सावकाश कापतो आणि धार पुष्कळ जास्त वेळ टिकवतो. वादळात उलथलेल्या झाडाची साल चिखलाने भरलेली असते, मुळांत जांभ्याचे खडे अडकलेले असतात, आणि सागाच्या लाकडात तर मुळातच सिलिका असते, जी कोणतेही हत्यार बोथट करते. माडाचे खोड बाहेरून अतिशय कठीण आणि आतून सच्छिद्र, ऐनाचा गाभा जुना झाला की दगडासारखा, आणि फणसाचा चीक चेनच्या सांध्यांत बसून ती ताठ करतो. या सगळ्यांचा विचार करता गोलाईच्या कोपऱ्याची चेनच आपल्याकडे योग्य आहे. फणस कापून झाल्यावर चेन काढून रॉकेल किंवा डिझेलने ब्रशने घासावी आणि तेलात बुडवून ठेवावी. हे काम दुसऱ्या दिवशीवर टाकले तर चीक वाळतो आणि मग तिप्पट मेहनत पडते.

किंमत बघून अनेकांचे मन नामांकित मशीनवरून उडते आणि निम्म्याहून कमी पैशांत मिळणाऱ्या, ‘५८ सीसी, २२ इंची’ असा स्टिकर लावलेल्या मशिनींकडे वळते. त्या सगळ्याच टाकाऊ असतात असे मी म्हणणार नाही. जळण फोडणाऱ्या काही जणांकडे त्या वर्षानुवर्षे चालत आहेत. पण स्टिकरवरच्या सीसीवर विसंबू नये. माहितीपत्रकात सिलिंडरचा व्यास आणि दट्ट्याची धाव दिलेली असेल तर हिशेब स्वतः करावा: व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५ गुणिले धाव, सगळे सेंटिमीटरमध्ये. व्यास ५ आणि धाव ३.६ असेल तर उत्तर ७०.७ येते. व्यास ४.५२ आणि धाव ३.४ असेल तर साडेचोपन्नच येते, मग स्टिकरवर काहीही छापलेले असो. किलोवॅटचा आकडा दिलेलाच नसेल तर ती मशीन मोठ्या लाकडासाठी घेऊ नये.

याहून महत्त्वाची गोष्ट सुट्या भागांची. आपल्या गावापासून तासाभराच्या अंतरावर कार्बोरेटरचे डायफ्रॅम, क्लचचा ढोल, तेलाचा पंप, स्टार्टरची स्प्रिंग आणि दोरी मिळते का, आणि ते बसवून देणारा माणूस आहे का, हे आधी विचारावे. मोठी चेन सॉ वर्षातले बरेच महिने बंद पडून असते आणि जेव्हा लागते तेव्हा सगळ्या गावाला एकाच वेळी लागते. त्या आठवड्यात एखादा दहा रुपयांचा रबरी तुकडा पुण्याहून मागवावा लागला तर मशीन असून नसल्यासारखी होते. एक डायफ्रॅम किट, एक प्लग, एक एअर फिल्टर आणि दोन जादा चेन मशीनबरोबरच आणून डब्यात ठेवाव्यात. माझ्या दृष्टीने ब्रँड निवडताना हा निकष ताकदीच्या आकड्याच्याही आधी येतो. ६० आणि ७२ सीसीमध्ये मन डळमळत असेल तर जिचे भाग जवळ मिळतात ती घ्यावी.

दुकानात मशीन हातात घ्यावी ती बार-चेन लावलेली आणि तेल-पेट्रोल भरलेली, असा आग्रह धरावा. एमएस ३८२ चा ६.२ किलोचा आकडा बार-चेन नसलेल्या, रिकाम्या टाक्यांच्या मशीनचा असतो. २० इंची बार, चेन आणि भरलेल्या टाक्या धरून तीच मशीन आठ किलोंच्या पुढे जाते. दोन्ही हातांनी गुडघ्याच्या उंचीवर धरून ती काही वेळ उभी-आडवी फिरवून बघावी. बारचे टोक आपोआप खाली झुकत असेल तर बार तिला लांब होतो. मोठ्या इंजिनाची दोरी ओढायला जड असते, म्हणून दाब सोडण्याचे बटण असलेली मशीन घ्यावी आणि ते बटण दाबून, मशीन जमिनीवर ठेवून, मागच्या मुठीत पाय रोवून दोरी ओढून पाहावी. मशीन चालू असताना पुढची ढाल मनगटाने ढकलली की चेन तत्क्षणी थांबली पाहिजे. त्यानंतर बारचे टोक एखाद्या पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर वीतभर अंतरावर धरून इंजिन वाढवावे. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. तेलाचे प्रमाण कमी-जास्त करण्याचा स्क्रू असेल तर उत्तम, कारण लांब बारला आणि कोरड्या ऐनाला तेल जास्त लागते. या तेलाच्या टाकीत ट्रॅक्टरचे काळे झालेले तेल ओतण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. त्यातले धातूचे बारीक कण पंप खातात, आणि ते सगळे तेल शेवटी आपल्याच बागेच्या मातीत आणि आपल्याच हातांवर जाते. ते मुळीच वापरू नये.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेलाचे प्रमाण कंपनी सांगेल तेच ठेवावे. चांगल्या प्रतीच्या तेलाला ते बहुधा ५० ला १ असते, म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर. दोन्ही मशिनींना एकच मिश्रण चालेल अशी जोडी निवडली तर डबे वेगळे ठेवावे लागत नाहीत आणि गडबडीच्या दिवशी चूक होत नाही. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले आहे, इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि कोकणच्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नसतो. त्यामुळे क्वचित चालणाऱ्या मोठ्या मशीनमध्ये पेट्रोल भरून ती कधीही ठेवू नये. काम संपले की टाकी रिकामी करावी आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. मिश्रण लागेल तेवढेच, त्या त्या वेळी करावे.

दोन चेन सॉ एकत्र काम कशा करतात, हे पडलेल्या झाडापाशी नीट दिसते. गडग्यावर आडवा पडलेला आंबा मधोमध लोंबत असतो. त्याच्या वरच्या बाजूचे तंतू दाबाखाली असतात आणि खालचे ताणाखाली. आधी लहान मशीनने बाहेरच्या, मोकळ्या फांद्या उतरवायच्या, पण ज्या फांद्यांवर खोड टेकून आहे त्यांना हात लावायचा नाही. मग मोठीने दाबाच्या बाजूने, म्हणजे वरून, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत काप घ्यायचा आणि उरलेला खालून पुरा करायचा. काप मिटू लागला तर त्यात लाकडी किंवा प्लॅस्टिकची पाचर ठोकायची. पहार कधीही घालू नये, चेन तिला लागली तर दात उडतात. एवढे करूनही बार कधीतरी अडकतोच, आणि दुसऱ्या मशीनचे मोल त्या क्षणी कळते. मोठी लाकडात अडकलेली असताना तिचे इंजिन बंद करायचे आणि लहानीने वीतभर बाजूला दुसरा काप घेऊन तिला मोकळी करायची. एकच मशीन असलेला माणूस अशा वेळी कुऱ्हाड शोधत बसतो आणि घाईत बार वाकवतो. उलथलेल्या झाडाचा मुळांकडचा गड्डा खोड तुटताच पुन्हा खड्ड्यात बसू शकतो, म्हणून त्याच्या मागे किंवा खड्ड्यात कोणीही, विशेषतः मुले, उभे राहता कामा नये.

मोठ्या मशीनची चेन सेकंदाला २० मीटरच्या पुढे धावते आणि बारच्या टोकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला लागला तर ती जेवढ्या जोराने उसळते तेवढी लहान मशीन उसळत नाही. पायांचे संरक्षक कपडे चेनच्या वेगानुसार वर्गवार मिळतात. वर्ग १ हा सेकंदाला २० मीटरसाठी आणि वर्ग २ हा २४ मीटरसाठी असतो. लहान मशीनबरोबर घेतलेले वर्ग १ चे कपडे मोठीला पुरतील असे गृहीत धरू नये. हेल्मेट, जाळी, कानांवरचे संरक्षक आणि जाड तळव्याचे बूट यांचा खर्च मी मशीनच्या किमतीतच धरतो. तेवढे पैसे उरत नसतील तर एक पायरी लहान मशीन घ्यावी, पण हे टाळू नये.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात. झाडे तोडण्याचे नियमन करणारा राज्याचा १९६४ चा कायदा आहे, आणि त्याच्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ यांच्याबरोबर आंबा आणि फणसही आहेत. स्वतःच्या जमिनीतले उभे झाड असले तरी आधी परवानगी घ्यावी लागते. वादळात पडलेल्या झाडांची भरपाई मागायची असेल तर तलाठ्याचा पंचनामा होण्यापूर्वी ती कापू नयेत. वाट मोकळी करण्यासाठी कापावीच लागली तर सर्व बाजूंनी, घेराला मोजपट्टी लावून, फोटो काढून ठेवावेत.

माझी निवड अखेर ७० सीसीच्या गटातल्या मशीनवर, २० इंची बारवर आणि गोलाईच्या दातांच्या चेनवर स्थिरावली, कारण या मापाचे भाग आणि ते बसवणारा कुशल मेकॅनिक दापोलीतच मिळतात. लहान मशीन तिच्या जागी आहेच. पुढेमागे तिचे इंजिन थकले तर छाटणीसाठी बॅटरीवर चालणारी, १२ इंची बारची चेन सॉ घेण्याचा माझा विचार आहे. शिडीवर उभे राहून दोरी ओढावी लागत नाही, दोन कापांच्या मध्ये इंजिन धडधडत ठेवावे लागत नाही आणि वजनही कमी असते. एकच मशीन असती तर बॅटरीवर विसंबण्याचे धाडस मी केले नसते, कारण वादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नसते. आता जाड लाकडाचे आणि वादळानंतरचे काम पेट्रोलच्या मोठ्या मशीनकडे आहे, त्यामुळे लहानीची निवड निव्वळ छाटणीच्या सोयीने करता येईल.